गोव्याला निघालेल्या मुलींना गप्प बसायला शिकवणारा मेसेज

'गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईपर्यंत पोहोचवा' असा मथळा असलेला एक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या घरगुती ग्रुपवर फिरतोय. खाली सही काय, तर 'एक निवृत्त पोलीस अधिकारी'. नाव नाही, ठाणं नाही. तो माझ्या वहिनीकडे आला आणि नेमकी तेव्हाच माझी भाची ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गोव्याला निघाली होती. वहिनीने मेसेजची प्रिंट काढून तिच्या बॅगेत ठेवली, सोबत मिरचीपूड बांधून दिली आणि बजावलं, "तिकडे काही कमीजास्त झालं तर कुणाला काही बोलू नको. आधी घरी ये, मग बघू." हे वाक्य वहिनीचं नाही, मेसेजमधलंच आहे. पोरीच्या काळजीने तिने ते जसंच्या तसं उचललं. वहिनीवर माझा राग नाही. ज्याने कुणी हे लिहून सोडून दिलंय त्याच्यावर आहे.

पहिला मुद्दा एटीएमचा. 'कुणी धमकावून पैसे काढायला लावले तर पिन उलटा टाका, पैसेही निघतील आणि पोलिसांनाही आपोआप कळेल.' भारतातल्या कुठल्याही बँकेच्या एटीएममध्ये अशी सोय नाही. अमेरिकेत 1998 मध्ये एकाने अशा कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, पण बँकांनी ती बसवली नाही. अफवा मात्र अजून देशोदेशी फिरतेय. ज्याचा पिन 1221 आहे त्याने उलटा टाकायचा तो कोणता? आणि कुणी चाकू रोखून उभा असताना स्क्रीनवर 'पिन चुकीचा' आलं तर पुढे काय होईल, हे लिहिणाऱ्याच्या मनात आलंच नाही. अशा वेळी पैसे देऊन टाकायचे. सुटल्यावर 112 ला फोन करायचा आणि बँकेला सांगून कार्ड बंद करायचं.

दुसरा मुद्दा, अनोळखी माणसाने दिलेल्या व्हिजिटिंग कार्डाला हात लागताच मुलगी बेशुद्ध पडते. नुसत्या कागदाला हात लावून असं होत नाही. गुंगीचं औषध देणारे ते खाण्यापिण्यातून देतात. पुढे जाऊ.

तिसरा मुद्दा मिरचीपुडीचा. जवळ बाळगली तर बाळगा. पण समुद्राकाठी वारा कुठून येतो ते आधी बघा, नाहीतर ती आपल्याच डोळ्यांत जाईल.

चौथ्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचंय. मेसेज म्हणतो, 'पेयात काही मिसळलं असेल तर चवीने लगेच कळतं. तसं वाटलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, लिंबू द्या आणि मुलीला झोपवा. सकाळी ठीक होते. दवाखान्यात नेऊ नका, पोलीस केस होते.'

यातलं एकेक वाक्य धोक्याचं आहे. चवीने कळतंच असं नाही. काही औषधांना चव-वास जवळपास नसतोच, आणि एखाद्याची थोडी खारट चव कॉकटेलमध्ये सहज लपते. उलटी काढायची तर अजिबात नाही. गुंगीतल्या माणसाला मिठाचं पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो. लिंबाने कुठलंही औषध उतरत नाही, दारूसुद्धा उतरत नाही. आणि 'झोपवा' हा सगळ्यात वाईट सल्ला, कारण झोपलेल्या माणसाचा श्वास मंदावतोय हे शेजारी बसलेल्यालाही चटकन कळत नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावात भेसळीची दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक मेले. दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल होतं. मुंबईत मालाडच्या मालवणीत 2015 मध्ये मिथेनॉलनेच शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल फसवं असतं. पहिले काही तास साधी नशा वाटते. खरी लक्षणं बरेचदा बारा-चोवीस तासांनी दिसतात: पोटात दुखणं, उलट्या, डोळ्यांपुढे धुकं, धाप. तोवर नेलं तर रुग्णालयात त्यावर उपचार आहेत. 'सकाळी ठीक होते' म्हणून झोपवून ठेवलं, तर तेच तास हातातून जातात.

मग करायचं काय? दोन घोटांतच पाय लटपटायला लागले, जीभ जड झाली, प्यायल्याच्या मानाने नशा फारच चढली, तर त्या मुलीला एक क्षणही एकटं सोडायचं नाही. 108 ला फोन करायचा. ही रुग्णवाहिका गोव्यातही आहे आणि आपल्याकडेही. ती येईपर्यंत मुलीला कुशीवर वळवून ठेवायचं, म्हणजे उलटी झालीच तर घशात अडकणार नाही. डॉक्टरांना खरं सांगायचं, किती प्यायलो तेही. रक्त-लघवीचे नमुने लवकरात लवकर द्यायचे, कारण यातली काही औषधं बारा तासांच्या आत लघवीतून नाहीशी होतात. सकाळपर्यंत थांबलं तर पुरावाही गेला.

एक अर्धसत्य इथे मान्य करावं लागतं. 'आपला ग्लास नजरेआड ठेवू नका' असं मेसेजमध्ये आहे आणि ते बरोबर आहे. डान्स फ्लोअरवर जाताना टेबलावर सोडलेला ग्लास परत आल्यावर ओतून द्यावा, दोनशे रुपये गेले तर गेले. पण बायकांना बेसावध करण्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाते ती साधी दारूच. 'अजून एक घे ना' म्हणत मोठे पेग भरणारा ओळखीचाही असू शकतो. मेसेजमध्ये धोका फक्त अनोळखी माणसाकडूनच आहे.

पाचवा मुद्दा वाचून माझ्या अंगावर काटा आला. 'क्लबमध्ये काही गडबड वाटली तर बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावा आणि शांत बसा.' 2017 च्या डिसेंबरात मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटला मध्यरात्रीनंतर आग लागली. चौदा माणसं गेली. त्यातले कित्येक जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच धुराने गुदमरले. 2025 च्या डिसेंबरात उत्तर गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली, 25 जणांचा जीव गेला. तिथेही धुरानेच घात केला. गडबड कसली आहे हे कळायच्या आत बंद खोलीत शिरायला सांगणारा माणूस पोलिसात होता यावर माझा विश्वास बसत नाही. आत शिरताना दुसरं दार कुठे आहे ते बघून ठेवायचं. एकच चिंचोळा जिना असलेल्या तुडुंब जागेत थांबायचंच नाही, मग आत कुठलाही डीजे असो. कुणी त्रास देत असेल तर बार काउंटरपाशी, उजेडात, माणसांत जायचं आणि मोठ्याने बोलायचं. गुंगी यायला लागलेल्या मुलीने आतून कडी लावली तर तिला बाहेर काढायलाही दार फोडावं लागेल.

आता वहिनीने उचललेलं ते वाक्य. मेसेज म्हणतो, 'परराज्यात तक्रार करू नका, पोलीस हद्दीचं कारण सांगून हाकलतात, नाव पेपरात येतं. आधी घरी या.' याचं उत्तर कायद्यातच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) कुठल्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. कळंगुटला घडलेल्या गुन्ह्याची नोंद कळंगुटला होते, तशी वाटेत सावंतवाडीला होते आणि सांगलीतही होते. लैंगिक गुन्ह्यात बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्याने नोंदवायचं असतं, तेही याच कलमात आहे. ठाणेदाराने नकार दिला तर याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येतं. कलम 397 प्रमाणे बलात्कारपीडितेवर ताबडतोब मोफत उपचार करणं प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे, सरकारी असो की खासगी. आणि नाव पेपरात येण्याबद्दल म्हणाल, तर अशा मुलीची ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

ठाण्यात कधीकधी टोलवाटोलवी होते, हे मला माहीत आहे. म्हणूनच कलमाचा आकडा तोंडपाठ हवा. गप्प राहून घरी येण्यात बारा तास गेले की औषधही गेलं आणि पुरावाही गेला, सुटला तो फक्त करणारा.

शेवटचा मुद्दा, 'आतल्या गावांत जाऊ नका, तिथले लोक पर्यटकांना लुटतात. कळंगुट-बागाच्या गर्दीत सुरक्षित.' गोव्याच्या गावकऱ्यांवर हा सरळसरळ अन्याय आहे. पर्यटकाला गाठणारे दलाल उभे असतात ते याच गर्दीत. 'एंट्री फ्री, आत मुली आहेत' म्हणत पोरांना आत नेतात, बाहेर पडताना हजारोंचं बिल पुढे येतं आणि दारात बाउन्सर असतो. यात सापडतात त्या मुली नव्हेत. आपल्याकडून आंबोली घाटाने बाईक घेऊन उतरणारी पोरं सापडतात आणि लाजेने घरी सांगत नाहीत. त्यांच्या आयांना हा मेसेज कुणी पाठवलेला नाही.

त्या पोरांना सांगण्यासारखं बरंच आहे. भाड्याची गाडी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्यायची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळतीलच असं नाही. किनाऱ्यावर उघड्यावर प्यायला बंदी आहे, पकडलं तर मोठा दंड होतो. पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, नुसता लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरायचं नाही. आणि अंधार पडल्यावर किनाऱ्यावरच्या टेहळणी मनोऱ्यांवर जीवरक्षक नसतात. क्लबमधून निघून पहाटे दोनला पाण्यात शिरायचं सुचतं, तेव्हा ओढून काढायला कुणी नसतं. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या पोरांना आपल्याला समुद्रही जमेल असं वाटतं, म्हणून ही गोष्ट त्यांना निघायच्या आधी सांगा.