२५२० आणि रामानुजन: फिरत्या संदेशातलं खरं किती?

एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी संख्या असूच शकत नाही, असं जगभरचे गणिती मानत होते, रामानुजन यांनी २५२० शोधून त्यांना थक्क केलं. आणि हिचं रहस्य म्हणजे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने.

अशी संख्या अशक्य आहे, असं कुणाही गणितीला वाटणं शक्य नव्हतं. १ ते १० यांचा सरळ गुणाकार करा. ३६,२८,८०० येतात, आणि या संख्येला दहाही जणांनी भाग जातो.

मग सर्वांत लहान अशी संख्या कोणती? हा शाळेतला लसावि. ८, ९, ५ आणि ७ घ्या, बाकीचे त्यांतच येतात. गुणाकार २५२०. लसावि काढण्याची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथातही आहे. त्याच्याही आधीच्या ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने तर आदर्श नगरीसाठी ५०४० जमीनधारक सुचवले, आणि या संख्येला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो हे कारण स्वतःच दिलं. ५०४० म्हणजे २५२० ची दुप्पट! रामानुजन यांचा जन्म १८८७ चा.

‘एकमेव’ हा शब्दही काही संदेशांत असतो. २५२० च्या प्रत्येक पटीत हाच गुण आहे. एक कोटीच्या आतच अशा ३,९६८ संख्या आहेत.

दिवस-महिन्यांचं रहस्य मात्र थोडं थांबून पाहण्यासारखं आहे, कारण गुणाकार बरोबर आहे. ३० × १२ = ३६०, आणि ५ × ८ × ९ सुद्धा ३६०. म्हणजे ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. ती उणीव ७ ने गुणल्यावर भरून निघते. काम अवयवांचं आहे. कॅलेंडरशी संबंध नाही. वर्ष ३६० दिवसांचं नसतंच.

मला सर्वांत जास्त खटकतं ते रामानुजन यांच्या खऱ्या कामाचं झाकलं जाणं. १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने त्यांचा दीर्घ निबंध छापला. विषय होता, आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. २५२० त्यांतलीच: तिला ४८ विभाजक आहेत, तिच्याआधीच्या कोणत्याही संख्येला ४० पेक्षा जास्त नाहीत. रामानुजन यांची यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ पावणेसात लाख कोटी, आणि तीही संगणकाशिवाय! त्यात २९३३१८६२५६०० ही एक संख्या राहून गेली. पण यादीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी या संख्यांची घडण उलगडली. अशा संख्येत मूळ अवयव २ पासून सलग येतात, त्यांचे घातांक पुढे जाताना कधी वाढत नाहीत, आणि शेवटच्या मूळ अवयवाचा घातांक १ च असतो. २५२० = २³ × ३² × ५ × ७ मध्ये हे तिन्ही नियम दिसतात. शेवटच्या नियमाला फक्त दोन अपवाद आहेत, ४ आणि ३६, आणि तेही त्यांनी सिद्ध करून दाखवलं.