मायरहॉफबद्दलचा माझा मेसेज चुकीचा होता

यूएमबीसी हे अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं विद्यापीठ, आणि मायरहॉफ ही तिथली विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती. 'यूएमबीसीचा मायरहॉफ स्कॉलर्स प्रोग्राम फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी आहे, आपल्या मुलांनी अर्ज करू नये,' असं मी रविवारी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. ते चूक आहे. माझी माहिती जवळजवळ तीस वर्षं जुनी निघाली.

१९८९ च्या पहिल्या तुकडीत १९ विद्यार्थी होते आणि ते सगळे कृष्णवर्णीय मुलगे होते, हे खरं. पण पुढच्याच वर्षी मुली आल्या. मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क इथल्या, फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या एका शिष्यवृत्तीविरुद्ध कोर्टात निकाल लागला, त्यानंतर १९९६ पासून हा कार्यक्रम सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुला झाला. विज्ञानात ज्यांचं प्रमाण कमी आहे त्यांना पुढे आणण्याची आस्था मात्र अर्जदाराकडे हवी. विद्यापीठाच्या पानावरच हे लिहिलंय. मी आधी तिथे बघायला हवं होतं.

आणि ही नुसती फी-माफी नव्हे. पहिल्या सेमिस्टरआधी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास, मग प्रयोगशाळेत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम. रोख पीएचडीकडे. मॉडर्नाच्या कोविड लशीवर काम केलेल्या किझमेकिया कॉर्बेट इथल्याच.

जुना मेसेज मी डिलीट केलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल, तर तिथे हा टाका.