पुन्हा इन्स्टॉल करण्याच्या सल्ल्याला उत्तर

एफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल पाठवण्या-घेण्याचा प्रोग्रॅम) सुरू होत नसेल तर काय तपासायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘एवढं पाल्हाळ कशाला? एफटीपी सर्व्हर सुरू होत नसेल तर काढून पुन्हा इन्स्टॉल करायचा. लोकांना उगाच घाबरवू नका. आणि आता एफटीपी वापरतं कोण?’ असं तुम्ही लिहिलंत. मतभेद असू देत, पण ही बोलायची कुठली पद्धत? लेख शेवटपर्यंत वाचून झोडपलं असतंत तर ऐकून घेतलं असतं.

एक मान्य. पोर्ट २१, म्हणजे एफटीपीचा ठरलेला नेटवर्क-दरवाजा, दुसऱ्या प्रोग्रॅमने धरलंय का, हे ‘एसएस’ (उघडी पोर्टं दाखवणाऱ्या) कमांडने बघायचा भाग लेखात आधी यायला हवा होता.

आता तुमचा रामबाण उपाय. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर ‘ॲप्ट रिमूव्ह’ (प्रोग्रॅम काढायची कमांड) केलं की प्रोग्रॅम जातो, सेटिंग्जची कॉन्फिग फाइल मात्र जागेवरच राहते. ज्या ओळीमुळे सर्व्हर अडला, तीच ओळ नव्याने टाकलेला सर्व्हरही वाचणार आणि तिथेच अडणार. फाइल जाते ती ‘पर्ज’ केल्यावर, म्हणजे कॉन्फिगसकट सगळं काढल्यावर, आणि मग तुमची सेटिंग्जही तिच्याबरोबर जातात. बिघाड कशामुळे झाला, ते कळत नाहीच.

व्हीएसएफटीपीडी या लिनक्सवरच्या एफटीपी सर्व्हरचंच घ्या. त्याच्या कॉन्फिग फाइलमधली ‘लिसन’ आणि ‘लिसन_आयपीव्ही६’ ही दोन्ही सेटिंग्ज ‘येस’ असली की तो सुरू होत नाही. बरोबरच्या (=) चिन्हाशेजारी एक स्पेस राहिली, तरी नाही. फाइलची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याकडे नसली, तरी नाही. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम, सांगतो फक्त ‘स्टेटस=२, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. खरी तक्रार जर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, बहुधा उतरतच नाही. म्हणून रूट होऊन सर्व्हर टर्मिनलवर हाताने चालवायचा. मग ‘५०० ऊप्स’ने सुरू होणारी ओळ समोर येते आणि बोट नेमकं कुठे ठेवायचं ते कळतं. हे सगळं लेखात आहे. तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत.

आणि हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. उमेदीची वर्षं मी सर्व्हर सांभाळण्यात घातलीत. रात्रपाळीला असाच एक जण पर्ज मारून मोकळा झाला होता. पॅसिव्ह पोर्टची (फाइल पाठवण्यासाठी राखलेल्या पोर्टांची) रेंज, सीएचरूटच्या (वापरकर्त्याला त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवणाऱ्या) सेटिंग्ज, सगळं मला आठवून आठवून भरावं लागलं. जुन्या फाइलची कॉपी नंतर सापडली, तेव्हा दिसलं की एका ओळीच्या शेवटी फक्त एक स्पेस जास्त होती. त्या रात्री पाच मिनिटं वाचवणारा माणूस सकाळी घरी झोपला होता, निस्तरत मी बसलो होतो.

एफटीपी कोण वापरतं, या शेऱ्यावर वेळ घालवत नाही. तुमचा सर्व्हर अजून बंद असेल तर ती ऊप्सची ओळ इथे टाका, उत्तर देईन. पुन्हा ‘पाल्हाळ’ म्हणालात तर नाही.