दोन वर्षांत दुसरी बॅटरी

सेल्फ दाबला की नुसतं टकटक, टकटक. छोटूची गाडी कट्ट्याला लागून उभी, आणि दोन वर्षांत बसलेली ही दुसरी बॅटरी.

"आता लिथियमच टाक," दादा म्हणाला. "वजन शिशाच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. महिनाभर गाडी उभी राहिली तरी फारशी उतरत नाही. आणि टिकते पण जास्त."

"कडाक्याच्या थंडीत काय करणार?" मास्तरांनी विचारलं. "गारठली की पहिला सेल्फ धड लागत नाही. आधी थोडा वेळ हेडलाइट लावून तिला गरम करायची. त्यापेक्षा साधी पाण्याची घे. डिस्टिल्ड वॉटरची पातळी राखलीस तर तीन वर्षं काढते."

"राखतंय कोण?" दादा उसळला. इथे मी दादाच्या बाजूचा. पाणी बघायचं राहून जातं, प्लेटा उघड्या पडतात आणि मग वरून कितीही पाणी ओता, ती बॅटरी पहिल्यासारखी होत नाही.

माझं मत एजीएमला. आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं, सांडायची भीती नाही, पाणी घालायचं नाही, तीन ते पाच वर्षं जाते. हे सांगितलं तर छोटू वैतागला, "अरे, गेलेल्या दोन्ही एजीएमच होत्या!"

मग मी मल्टिमीटर आणला. टर्मिनलला लावला, १२.५ व्होल्ट.

"बघ, बॅटरी तर चांगली आहे," दादा.

"सेल्फ दाब," मी म्हणालो. आकडा धाडकन ७.८ वर आला. उभ्या गाडीचा आकडा बघून बॅटरी चांगली ठरवू नये, ते यासाठीच. आतून सुकलेली बॅटरी भार नसताना व्होल्टेज पूर्ण दाखवते आणि भार पडला की बसते. धडधाकट असेल तर सेल्फ मारताना सहसा १० च्या खाली जात नाही.

पण सुकली कशाने? मास्तरांनी दोन्ही बाजू चाचपल्या. फुगलेल्या होत्या. गाडीला किक होती म्हणून बरं. चालू केली, रेस दिली. आकडा १४.५ च्या आसपास थांबायला हवा होता, तो १५.६ वर गेला.

रोज थोडी थोडी उकळत होती बिचारी. जास्त चार्जिंगने आतल्या पाण्याचा वायू होतो, आणि एजीएममध्ये तो एकदा व्हॉल्व्हमधून निसटला की ते पाणी परत घालता येत नाही. लिथियम असती तर आतल्या सर्किटने चार्जिंग तोडलं असतं, आणि ते नसतं तर सेल गेले असते.

"चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलला की मग लिथियम," दादा अजून ठाम.

"बदलायच्या आधी त्याचा प्लग आणि अर्थिंग बघा," मास्तर म्हणाले.

छोटूने सीटखाली हात घालून प्लग ओढला. एक पिन काळी पडली होती, भोवतीचं प्लास्टिक वितळून तिला चिकटलं होतं.