बोटं बरोबर पडायलीत

आज सकाळपासून डोकं फिरलंय. कारण सांगितलं तर हसाल. हसा. कारण टॉम अँड जेरी आहे.

रविवार म्हणून बेळगावच्या शहापूरला माहेरी गेले होते. भाचा कोपऱ्यात मोबाइल धरून खुदुखुदु हसत बसलेला. मागून डोकावले तर टॉम पियानो वाजवतोय. अंगावर काटाच आला माझ्या, कारण ते माझं कार्टून आहे. माझं म्हणजे आमच्या घराचं. पण मोबाइल उभा, म्हणून चित्रही उभं कापलेलं. दोन्ही बाजू गायब. टॉमचं तोंड, शर्टाची छाती, बस. हात कुठायत पत्ता नाही. आणि कुणा कारागिराने टॉमच्या तोंडी एका हिंदी नटाची नक्कल घातलीय, जेरीच्या तोंडी दुसऱ्याची, मध्ये मध्ये टपोरी शेरे. चाळीसेक सेकंदांत खेळ खलास. पोराने अंगठ्याने वर ढकललं, पुढे कुणीतरी पाणीपुरी खातंय.

"अरे, त्याची बोटं कुठायत?" मी विचारलं.

"कसली बोटं, आत्ते?"

तिथून जे डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

घरी येऊन आधी केबलवाल्याला फोन लावला. जुनी कार्टून दिवसभर दाखवणारं काही आहे का तुझ्याकडे, म्हटलं. तर म्हणतो, "अक्का, आता ते जुनं कोण बघतंय वो? पोरं मोबाइलवर बघत्यात. सिरियलचं पॅकेज लावू काय?"

कोण बघतंय! हे वाक्य डोक्यात घेऊन दुपारची भांडी घासली मी. एक कपबशी गेली.

ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शहापूरची गल्ली, आजूबाजूला मागांची खटखट, खाली आम्ही, वर भाडेकरू. आबांचे, म्हणजे आमच्या आजोबांचे, स्वतःचे चार माग होते आणि गुरुवारी भजनात ते पेटी वाजवायचे. वर राहायचे ते कन्नड शाळेचे मास्तर. आबा सीमालढ्यातले, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणारे. १ नोव्हेंबरला आबा दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिवसाच्या फेरीला निघायचे आणि मास्तर लाल-पिवळी शाल घालून कर्नाटकाच्या राज्योत्सवाला. दोघं जिन्यात समोरासमोर येऊ नयेत म्हणून आई आधी जाऊन बघून यायची. भांडण कधी झालं नाही हो. बोलणंच नव्हतं, तर भांडण कुठलं? पाण्याची मोटर आणि लाइट बिल, एवढ्यावर वर्षं काढली दोघांनी. मास्तरांना मराठी यायचं, आबांना कन्नड यायचं. माग चालवणाऱ्याला शहापुरात कन्नड आल्यावाचून राहतंय होय? पण दोघंही न आल्यासारखं करायचे.

१९९५ ला आपल्या देशात कार्टून नेटवर्क आलं. आमच्या गल्लीत केबलची वायर यायला थोडा उशीर झाला, तेव्हा मी चौथीत. टीव्ही खाली, लाकडी शटरचा. मास्तरांच्या घरी टीव्ही होता पण केबल नव्हती, म्हणून त्यांची दोन पोरं संध्याकाळी आमच्याकडे. पोरं जेवायला वर येत नाहीत म्हणून त्यांना हाक मारायला मास्तर खाली यायचे. आधी उंबऱ्यात उभे राहायचे, मग चौकटीला टेकून, मग एक दिवस आजीने न विचारता पाट सरकवला.

आता ती संध्याकाळ. टॉम काळा कोट घालून येतो, लोकांना मान लववतो, पियानोवर बसतो. आत तारांवर जेरी झोपलेला. लिस्ट नावाच्या संगीतकाराचं हंगेरियन ऱ्हॅप्सडी सुरू होतं. (तेव्हा आम्हाला कुठलं लिस्ट न फिस्ट. नाव मला फार नंतर कळलं.) आम्ही पोरं जेरी कधी उठतोय त्याची वाट बघतोय. आणि आबा, जे कार्टूनला "उंदरामांजराचा तमाशा" म्हणायचे, ते आरामखुर्चीत पुढे झुकले. त्यांचा उजवा हात मांडीवर हलायला लागला. म्हणाले, "हे बघ, बोटं बरोबर पडायलीत त्याची."

खरंच पडतात. आता परत नीट बघा. चित्रातला मांजर उगाच हात आपटत नाही. सूर वर गेला की हात उजवीकडे सरकतो, द्रुत आली की बोटं पळतात. पेटीवाल्या माणसाच्या डोळ्यांना ते एका क्षणात दिसलं.

आणि मागून पाटावरून आवाज आला, "बरोब्बर अदाव नोडरी."

बरोब्बर आहेत, बघा. आबांनी मागे वळून बघितलं नाही. पण मान हलवली. मग जेरीने पट्ट्यांच्या जागी उंदीर पकडायचा सापळा लावला, टॉमचं बोट सापडलं, आणि दोघं म्हातारे एकदम हसले. म्हणजे तेव्हा म्हातारे नव्हते, पन्नाशी-साठीचे असतील. मला म्हातारे वाटायचे.

आता मला सांगा, ते बोट कापून टाकल्यावर काय उरलं त्यात?

मगाशी गल्लीच्या ग्रुपवर हे थोडक्यात टाकलं, तर एकाने लगेच लिहिलं, "अमेरिकेच्या मांजराचं कौतुक करण्यापेक्षा मराठीत कार्टून काढा म्हणावं." काढा की! कुणी नको म्हटलंय? आपल्या सीमाभागातल्या पोरांना मराठी कार्टून पाहिजेच, त्यात वाद नाही. पण भाऊ, आपण लहानपणी मराठीत काय बघितलं? मोगली हिंदीत, डकटेल्स हिंदीत, स्कूबी डू आधी इंग्रजीत मग हिंदीत. पुढे २००९ ला कन्नडमध्ये चिंटू टीव्ही आला, तेव्हा आपल्यातल्याच कितीतरी घरांत पोरं ते बघत बसायची आणि आईबाप तोंड वाकडं करून का होईना बघू द्यायचे. तिथं प्रत्येक वेळी प्रश्न हाच, की कुठल्या भाषेत. टॉम आणि जेरीच्या बाबतीत तो प्रश्नच कधी आला नाही. ते जवळजवळ बोलतच नाहीत. टॉम किंचाळतो, तेवढंच. ते किंचाळणं शहापुरात जेवढं कळतं तेवढंच चिक्कोडीत, तेवढंच धारवाडात.

आणि त्या मुक्या जनावरांच्या तोंडी हिंदी टपोरी भाषा घातली लोकांनी. बेळगावात आधीच भाषा कमी पडल्या होत्या ना!

असो. रागाच्या भरात खूप टाइप होतंय.

मुद्द्यावर येते. केबलवाला म्हणतो जुनं कोण बघतंय. अरे बाबा, कार्टून नेटवर्क उभंच राहिलं जुन्या मालावर! एमजीएम या अमेरिकेच्या सिनेमा कंपनीने १९५७ मध्ये आपला कार्टूनचा विभाग बंद केला, तेव्हा टॉम अँड जेरी काढणारे हॅना आणि बार्बेरा बाहेर पडले. तोवर सात ऑस्कर मिळवलेली कार्टून होती ती, तरी बंद. मग दोघांनी टीव्हीसाठी स्वतःची कंपनी काढली, आणि तिथं पैसा कमी. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय असतो ना, ती ऐट नाही, काटकसर आहे. कॉलरच्या खालचं धड तसंच ठेवायचं, वरचं डोकं तेवढं नव्यानं काढायचं, सांधा कॉलरमध्ये लपतो. आमचे आबा सदऱ्याची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावून घ्यायचे, त्यांना हे सांगायला मिळालं असतं तर योगी आवडला असता त्यांना. तर पुढे टेड टर्नर या अमेरिकेतल्या टीव्हीवाल्याने १९८६ मध्ये एमजीएमचा जुना साठा उचलला, १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा उचललं, आणि १९९२ मध्ये त्या साठ्यावर चॅनेल सुरू केलं. म्हणजे आम्ही चौथीत असताना जे "नवीन" म्हणून डोळे फाडून बघत होतो ते आमच्या बापाच्या जन्माआधीचं होतं. पपाय तर पडद्यावर १९३३ चा! आणि तो पालक खातो म्हणून आईने आम्हाला १९९६ मध्ये शेपू खायला घातला. पालेभाजी ती पालेभाजी, असं तिचं म्हणणं.

ते पियानोचं कार्टून १९४७ चं. हे मला कळलं तेव्हा मी बोटांवर हिशेब केला. १९४७ साली आमचं शहापूर सांगली संस्थानात होतं. ४८ ला संस्थान मुंबई राज्यात गेलं, ५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात, ७३ ला त्याचं नाव कर्नाटक. आबांनी घराचं कौलसुद्धा बदललं नव्हतं तेवढ्यात. म्हणजे ज्या भांडणामुळे आबा आणि मास्तर बोलत नव्हते, त्या भांडणापेक्षा ते मांजर वयाने मोठं आहे.

(आणि भांडण काय तिथंही होतंच. वॉर्नरवाल्यांनी बग्ज बनीला घेऊन १९४६ मध्ये तोच लिस्टचा तुकडा वाजवला होता. मग तुम्ही आमचं चोरलं की आम्ही तुमचं, म्हणून दोन्ही कंपन्या एकमेकांवर धावून गेल्या. सीमाप्रश्न सगळीकडे असतोय.)

अमेरिकेत जून २०२४ पासून एक चॅनेल सुरू आहे, मी टीव्ही टून्स नावाचं. चोवीस तास जुनी कार्टून. बग्ज बनी, टॉम अँड जेरी, फ्लिंटस्टोन्स, सगळी मंडळी. शिकागोच्या एका कंपनीने काढलंय आणि बऱ्याच गावांत छतावरच्या अँटेनावर फुकट दिसतं म्हणे. ते लोक काय वेडे आहेत? त्यांच्याकडे मोबाइल नाहीत? तरी त्यांना कळलं, की माणसाला कधीकधी निवडायचं नसतं. बटण दाबलं की जे लागलंय ते बघायचं असतं, आणि शेजारी कोण बसलंय तेही आपण निवडलेलं नसतं. मास्तरांना आबांनी निवडलं नव्हतं. मास्तरांनी तर ते कार्टूनही निवडलं नव्हतं, ते पोरांना जेवायला बोलवायला आले होते!

हां, मोबाइलवर सगळं मिळतं, मान्य. पूर्ण कार्टूनही मिळतं, हुडकलं तर. त्यात मारामारी फार, हेही मान्य. आणि ती काळी मोलकरीण, जिचे फक्त पाय दिसायचे आणि तोंडी तसली भाषा, ते आज बघताना लाज वाटते, पुढे कार्टूनवाल्यांनी स्वतःच ते कापलं-बदललं. झालं? मान्य करून झालं.

पण माझा भाऊ जे म्हणाला ते मान्य नाही. तो म्हणाला, "तायडे, आवाज बारीक कर. पोराला हेडफोन घालून बघू दे की, आपल्याला त्रास नाही." त्रास! अरे, त्रास व्हावा म्हणूनच टीव्ही मधल्या खोलीत ठेवतात. सगळ्यांना थोडा थोडा त्रास. आजीला जपमाळेत त्रास, आबांना पेपरात त्रास, मास्तरांना वरून खाली उतरायचा त्रास. हेडफोनमुळे त्रास गेला आणि पाटही माळ्यावर गेला.

बघा, परत आवाज चढला माझा. त्याच्यावर कशाला चिडू? दिवसभर दुकानात उभा राहून येतो बिचारा, रविवारीच काय ते शांत बसायला मिळतं त्याला.

शेवटी मी काय केलं सांगते. निघायच्या आधी ते कार्टून अख्खं हुडकून टीव्हीवर लावलं. आडवं. आठेक मिनिटांचं आहे सगळं मिळून. भाचा पहिली दोन मिनिटं मोबाइलकडेच बघत होता. मग सापळ्याला हसला. मग शेवटी जेव्हा टॉम घामाघूम होऊन लोळतो आणि सगळा उजेड जेरीवर पडतो, तेव्हा म्हणाला, "वाजवलं त्यानं, टाळ्या ह्याला?" एवढंच. बोटांबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

हे लिहिता लिहिता मध्येच उठून मास्तरांना फोन केला. आता धारवाडला असतात, पोराकडे. ऐंशीच्या पुढे गेलेत. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा भेटायला आले होते, त्यानंतर बोलणं नव्हतं. मी मोठ्या ऐटीत कन्नडमध्ये सुरुवात केली, तर ते मराठीत बोलायला लागले. चांगलं, स्वच्छ, शहापूरचं मराठी. मी विचारलं, मास्तर, ते पियानोवालं मांजर आठवतंय का? आबा म्हणाले बोटं बरोबर पडायलीत, आणि तुम्ही म्हणालात?

"मांजर?" ते म्हणाले. "मांजर होतं काय तुमच्याकडं?"

टीव्हीतलं, मास्तर.

"नाही बाळ. टीव्ही आठवतोय. शटरचा." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "आबांचा चहा आठवतोय बघ. मी आलो की तुझी आजी दोन कप करायची. आबा चार चमचे साखर घालायचे. बरोब्बर काय?"

"बरोब्बर," मी म्हटलं.

तीन घालायचे.