आयपॉडला धूळ चारायची आहे? मग हे करा

नवा म्युझिक प्लेअर काढताय? काढा. ॲपलचा आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला, मैदान मोकळं आहे. फक्त त्याच्यासमोर लोळलेल्यांची परंपरा नीट चालवा.

आधी जीबी वाढवा. क्रिएटिवचा नोमॅड ज्यूकबॉक्स २००० सालीच ६ जीबीचा होता. आयपॉड वर्षभरानं ५ जीबी घेऊन आला, तोही खिशात मावणारा. पण खिसा काय, शिंप्याकडून मोठा शिवून घेता येतो.

लोकांकडे असलेली गाणी वाजू देऊ नका. वॉकमनवाल्या सोनीनं २००४ मध्ये हार्डडिस्कचा प्लेअर काढला, तो एमपी३ वाजवेचना! आधी सगळं सोनीच्याच फॉर्मॅटमध्ये, म्हणजे अ‍ॅट्रॅकमध्ये बदला म्हणे. मायक्रोसॉफ्टनं तर इतरांच्या प्लेअरवर विकतची गाणी नक्की चालतील, अशी हमी देणारा 'प्लेजफॉरशुअर' शिक्का आणला आणि २००६ मध्ये स्वतःचा झून काढला, त्यावर तीच गाणी चालेनात.

रंग तपकिरी ठेवा. झूनचा होता.

आणि सॉफ्टवेअर? ते शेवटी, उरल्यासुरल्या पैशात. मागच्या आठवड्यात नागपूरच्या बर्डी बाजारातून बाबांसाठी एक प्लेअर आणला. नाट्यगीतं, अभंग, सगळ्या फायलींची नावं देवनागरीत. पडद्यावर नुसते चौकोन! कोणता चौकोन म्हणजे कोणता अभंग, ओळखा. म्हटलं, ॲपमधून जमेल. तर आधी खातं उघडा, मग ओटीपी. तो काही येत नाही. दुकानदार म्हणतो, "भाऊ, नावं इंग्रजीत करून टाका न." सगळी? आणि नागपुरात देवनागरी वाचणारं गिऱ्हाईक येईल, हे त्या कंपनीत एकालाही सुचलं नाही?

अरे, ॲपलनं कोणती जादू केली होती? हार्डडिस्क तोशिबाची, म्हणजे विकतचीच. पण जानेवारी २००१ मध्ये संगणकावर गाणी सांभाळणारं आयट्यून्स हे सॉफ्टवेअर आलं, ऑक्टोबरमध्ये आयपॉड. तार जोडली की गाणी आपोआप आत, चाक फिरवलं की हवं ते समोर. २००३ मध्ये ९९ सेंटला गाणं विकणारं दुकान, त्याच वर्षी विंडोजवरही. दुकानातली गाणी २००९ पर्यंत कुलुपात होती, दुसऱ्यांच्या प्लेअरवर चालायची नाहीत, हे खरं. पण तुमची एमपी३ मुकाट वाजायची.

आणि तुम्ही? खोक्यावर छापायला गुण मोजत बसता. एवढी वर्षं गेली, तरी गाणं ऐकणाऱ्या माणसाकडे बघायची तसदी नाही. पुढचा प्लेअर बाजारात आणण्याआधी तुमच्याच घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात द्या, आणि तो काय शिव्या घालतो ते गप उभं राहून ऐका.