घोड्याच्या आठ उड्या

बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो, हे आमच्या सांगलीत पोरांना शाळेआधी कळतं. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेला सांगायचं म्हणजे मात्र वैताग! क्लासमध्ये, म्हणजे कोडमधल्या साच्यात, साधा स्टॅटिक कॉन्स्ट इंट 8 (न बदलणारा एकच आकडा) चालतो. पण घोड्याच्या आठ उड्यांचा अ‍ॅरे (आकड्यांची यादी) तिथंच भरला की कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, अंगावर येतो. का, तर नाव इथं आणि आकडे क्लासच्या बाहेर, दुसऱ्या फाइलीत. म्हणजे ताट आमच्याकडं, आमटी शेजाऱ्याकडं! बरं, कॉन्स्टएक्स्प्र (किंमत कंपाइल होतानाच ठरते, असं सांगणारा शब्द) लावलं तर कंपाइल होतं, मग तुकडे जोडणारा लिंकर बोंबलतो: 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे नाव आहे, पण वस्तू सापडत नाही. सी प्लस प्लस 17 नं, म्हणजे 2017 च्या आवृत्तीनं, हे मिटवलंय, माहितेय हो. पण माझा प्रोजेक्ट जुन्या 11 वरच अडकलाय ना! रात्रीचे दोन वाजले, भडंगाचा डबा संपला, आणि घोडा अजून बी 1 वरच, सुरुवातीच्याच घरात.